पिवळी खूण

हडपसरला गाडीतळाच्या मागच्या अंगाला सर्जेरावांचं गॅरेज आहे. पत्र्याचं छत, पुढं कडुलिंब आणि कडुलिंबाला तारेनं बांधलेली पाटी : 'घाई असेल त्यांनी दुसरीकडे जावे.' पाटी वाचून माणूस खडूस असेल असं वाटतं, पण तसं काही नाही. त्यांच्याकडे खरंच उशीर होतो, एवढंच त्यांनी खरं खरं लिहून टाकलंय.

उशिराचं कारण त्यांची खोड. नट आवळला की सर्जेराव पाना खाली ठेवतात, चार पावलं जातात, हात पुसतात आणि परत येऊन तोच नट पुन्हा आवळून बघतात. गाडी दारातून निघता निघता हात आडवा घालून थांबवतात आणि गुडघ्यावर बसून तिसऱ्यांदा बघतात. रिक्षावाल्यांनी त्यांचं नाव 'दुबार' ठेवलंय. "दुबारकडं टाकलीय रिक्षा, म्हणजे आज सुट्टीच," असं ते खुशाल त्यांच्या तोंडावर म्हणतात, आणि रिक्षा मात्र त्यांच्याकडेच टाकतात. मध्यंतरी एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्यांच्यावर अर्धं पान आलं. मथळा होता, 'नटबोल्टांचा तपस्वी'. सर्जेरावांनी ते पान ऑइलच्या डब्याखाली अंथरलं. लोकांना वाटलं, काय हा विनय! विनय कसला डोंबलाचा? खाई त्याला खवखवे, आणि ही खवखव चारचौघांत दाखवायची सोय नसते.

दुसरी खोड फक्त घरात माहीत. खंडेनवमीला गॅरेजमधली सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडली जातात, त्यांना हळदकुंकू लागतं, झेंडूची फुलं वाहिली जातात. पण चौदा नंबरचा पाना सर्जेराव पाटावर ठेवू देत नाहीत. तो दिवसभर त्यांच्या खिशात.

"त्येलाच काय इटाळ हाय का वो?" मथुराबाई, म्हणजे त्यांच्या कुटुंबानं, लग्नाच्या पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"राहू दे," सर्जेराव म्हणाले होते. चाळीस वर्षं झाली, ते तेवढंच म्हणतात.

तर अशा या माणसाच्या दारात गेल्या मार्चमध्ये एक टेम्पो येऊन उभा राहिला. त्यातून विश्वजीत उतरला. खराडीच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेला, पस्तिशीतला, जुन्या गाड्यांचं वेड घेतलेला मुलगा. सर्जेरावांनी त्याच्या दोन गाड्या नीट करून दिल्या होत्या.

"काका, डोळे मिटा," असं म्हणत त्यानं ताडपत्री ओढली.

सर्जेरावांनी डोळे मिटले नव्हते. मिटले असते तर बरं झालं असतं असं त्यांना पुढं अनेकदा वाटलं. ताडपत्रीखाली नाकतोडा होता, त्यांच्या तरुणपणची शर्यतीची गाडी. लांब, निमुळतं हिरवं नाक, ते पुढून चेपलेलं. बारीक तारांची चाकं. मधे एकाच माणसापुरती जागा. रंगाचे पोपडे उडालेले, सीटमध्ये घुशींनी घर केलेलं. सर्जेराव शेजारच्या टायरवर बसले.

"धायरीला मिळाली," विश्वजीत सांगत होता. "अमीन उस्तादांच्या मुलीकडे, रशीदाआपांकडे. शेड पाडून जागा बिल्डरला दिली त्यांनी, म्हणून विकली. त्या म्हणाल्या, हिला हात लावायचा तर सर्जेरावांनीच, दुसरं कुणी उरलेलं नाही. काका, जानेवारीत जुन्या रेसिंग कार्सची मीट आहे. त्याच एअरस्ट्रिपवर! तिथं तुमचा सत्कार पण ठेवलाय. आणि ऐका, पद्मजा मॅमना पण मी इन्व्हाइट करणार आहे."

सर्जेरावांनी पाणी मागितलं.

*

पंचेचाळीस वर्षांपूर्वी, सर्जेराव जिथं काम शिकले ती अमीन उस्तादांची शेड इथून हाकेच्या अंतरावर, कांद्याच्या शेताला लागून होती. उस्तादांनी नाकतोडा तिथंच बनवला. इंजिन एका अपघातातल्या फियाटचं, सांगाडा नळ्या जोडून उभा केलेला, आणि अंगावरचा पत्रा वाळूच्या पोत्यावर ठेवून लाकडी हातोड्यानं ठोकत ठोकत वळवलेला. हवाई पट्टीवर मोटार क्लबाच्या शर्यती होत; तिथं परदेशी गाड्या आणणारे बडे लोक पहिल्या दिवशी हसले. दुसऱ्या वर्षी हसायचे थांबले, कारण पाचपैकी तीन शर्यती नाकतोड्यानं मारल्या.

आणि चालवायची कोण? तर शनिवार पेठेतली पद्मजा. तिच्या वडिलांचा, अण्णांचा, लग्नपत्रिकांचा छापखाना होता. छापखान्याची व्हॅन बिघडली की ती घेऊन यायची आणि काय बिघडलंय ते स्वतःच सांगायची. आणि ते बरोबर असायचं. उस्ताद म्हणायचे, "या पोरीचे कान गाडीचे आहेत रे." त्यांनी तिला नाकतोड्यात बसवलं. पेठेत बोंबाबोंब झाली. अण्णांना लोक विचारत, "काय, यंदा पत्रिका कुणाची छापताय? मुलीची की मोटारीची?" अण्णा ऐकून घेत, पण शर्यतीच्या दिवशी डब्यात साटोऱ्या भरून देत.

सर्जा तेव्हा बावीस वर्षांचा होता. पद्मजाताई त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या. त्याला त्या 'सर्जा' म्हणत आणि त्यांनी तसं म्हटलं की त्याला दिवसभर काम जड वाटत नसे. ताईंच्या गाडीत आपण आवळलेला नट आहे, या गोष्टीचा त्याला कोण अभिमान होता.

उस्तादांच्या शेडमध्ये एक शिस्त होती. ज्यानं नट आवळला त्यानं त्यावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. उस्तादांचा पांढरा, दुसरा कारागीर गेनबा, त्याचा लाल, सर्जाचा पिवळा. गाडी बाहेर काढण्याआधी उस्ताद विजेरी घेऊन खालून फिरत, ठिपके बघत, आणि ठिपका दिसला की पुढं सरकत. पुन्हा पाना लावून बघत नसत. "खूण म्हणजे जबान आहे," ते म्हणत. "माणसाच्या जबानीवर मी पाना लावत नाही."

त्या वर्षी शर्यत दसऱ्यानंतरच्या रविवारी होती. खंडेनवमीला दुपारपर्यंत सगळं काम संपवून हत्यारं पूजेला लावायची, असं ठरलं होतं. उस्ताद स्वतः नमाजी माणूस. पण खंडेनवमीचा नेम त्यांनीच सगळ्यात कडक पाळला. एकदा हत्यार पाटावर गेलं की दुसऱ्या दिवशी पूजा उतरेपर्यंत हात लावायचा नाही. "वर्षभर राबतात बिचारे. एक दिवस त्यांचा." पाट मांडायचं काम सर्जाचं. त्यानं पाने धुतले, ओळीनं लावले, कुंकवाची बोटं ओढली, रंगाच्या डब्याही झाकणं लावून पाटाशी ठेवायला घेतल्या, आणि तेव्हा त्याला आठवलं, की स्टेअरिंगचा नट राहिलाय.

हा नट कसला, ते सांगायला हवं. स्टेअरिंगचा दांडा वरून येतो आणि खाली एका पेटीतून निघालेल्या दांड्याला मिळतो. दोघांचे दात एकमेकांत बसवायचे, वरून लोखंडी पकड घालायची आणि एक नट आवळायचा. तो सैल राहिला तर साध्या रस्त्यावर काहीसुद्धा कळत नाही. वेगात, जोर लावून वळवलं, की मात्र दात एकमेकांवरून घसरतात. मग हातातलं चाक फिरतं आणि खालची चाकं सरळच राहतात.

चौदा नंबरचा पाना पाटावर होता. त्याला कुंकू लागलं होतं, तेही सर्जाच्याच बोटानं. उचलायचा कसा? उस्ताद विजेरी घेऊन यायच्या बेतात. ठिपका नसलेला नट सापडला तर सगळ्यांदेखत विचारतील, "सर्जा, तुझाच राहिला?" सर्जानं नट बोटांनी फिरवला, जाईल तितका फिरवला, आणि त्यावर पिवळा ठिपका दिला. उद्या पूजा उतरली की पहिला पाना यालाच लावू, असं त्यानं ठरवलं. ठरवलं अगदी मनापासून.

दुसऱ्या दिवशी दसरा. नाकतोड्याला झेंडूचा हार, आपट्याची पानं, पेढे. पद्मजाताईंनी त्याला सोनं दिलं आणि म्हणाल्या, "सर्जा, या वेळी चषक तुझ्या हातात देऊन फोटो काढायचा हं." त्या वाक्यानंतर बावीस वर्षांच्या पोराला नट आठवेल अशी अपेक्षा कुणी करू नये. त्याला तो आठवला शर्यतीच्या सकाळी, गाडी सुरू झाल्यावर. म्हणजे नीट आठवलाही नाही. आपण आवळला होता ना, असं मनात येऊन गेलं. आवळला असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. गाडी थांबवावी, एवढं काही ते मोठं वाटलं नाही.

चौथ्या फेरीला, पट्टीच्या टोकाच्या वळणावर नाकतोडा वळलाच नाही. सरळ गेला, गवताच्या पेंढ्यांतून पलीकडच्या दगडी बांधावर. ताईंचा डावा हात कोपरात तीन ठिकाणी मोडला. तो पुढं कधी सरळ झाला नाही.

"मी चाक फिरवलं होतं," स्ट्रेचरवर त्या सारखं म्हणत होत्या. "मी फिरवलं, गाडी वळलीच नाही."

उस्तादांनी सगळ्यांना एकेक करून विचारलं. सर्जाला विचारलं, "स्टेअरिंग आवळलं होतंस?"

"हो उस्ताद. खूण केलीय."

उस्तादांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मान हलवली. माणसाच्या जबानीवर ते पाना लावत नव्हते. गाडीचं नाक चेपलेलं, दांडा वाकलेला. ती उघडून बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही. उस्ताद शनिवार पेठेत गेले आणि खाली मान घालून अण्णांना म्हणाले, गाडी ठीक होती. मग उरलं काय? पोरगी घाबरली. एवढ्या वेगात बाईमाणसाचा हात थिजला. क्लबातले बडे लोक म्हणाले, पेठेतले छोटे लोक म्हणाले. उस्तादांनी नाकतोडा ताडपत्रीत गुंडाळून धायरीच्या दुसऱ्या शेडमध्ये ठेवला आणि पुन्हा शर्यतीची गाडी केली नाही.

सर्जा म्हणत राहिला, आवळला असेल. पुढं तो सर्जाचा सर्जेराव झाला, स्वतःचं गॅरेज झालं, मुलं झाली, आणि प्रत्येक नट दोनदा आवळायची सवय लागली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. यांच्या मनात ते पंचेचाळीस वर्षं पडलं होतं.

*

विश्वजीतनं बजावलं होतं, "काका, ओरिजिनल तेवढं ओरिजिनल ठेवायचं. खोलण्याआधी प्रत्येक पार्टचा फोटो." सर्जेरावांनी इंजिन खोललं, चाकं खोलली, नाकाचा पत्रा पुन्हा वाळूच्या पोत्यावर घेतला. जून उजाडला तरी ते स्टेअरिंगकडे वळले नाहीत. शेवटी एका मंगळवारी, विश्वजीत बंगलोरला गेलेला असताना, ते विजेरी घेऊन गाडीखाली शिरले.

नट तिथंच होता. गंजलेला, पण जागचा न हललेला. नट आणि पकड यांच्यात नखाएवढी फट. मधला स्प्रिंगचा वायसर आ वासून उघडा. नट आवळला असता तर तो दाबून सपाट झाला असता. त्याला कधी कुणी दाबलंच नव्हतं. आणि नटावर, गंजातूनही दिसेल असा, पिवळा ठिपका.

सर्जेरावांनी विजेरी आणखी जवळ नेली. रॉकेलचा एक बोळा फिरवला असता तर ठिपका गेला असता. त्यांचं कामच ते होतं. त्यासाठीच तर त्यांना गाडी दिली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही तर पंचेचाळीस वर्षं झाकलेली. त्यांनी बोळा हातात घेतला, ठेवला. पुन्हा घेतला. मग पकड, वायसर आणि नट तसेच्या तसे सोडवून तंबाखूच्या रिकाम्या डबीत टाकले आणि बाहेर आले.

"घाम किती आलाय," मथुराबाई म्हणाल्या. "काय घावलं का आत?"

"घावलं," ते म्हणाले. आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी तिला चौदा नंबरच्या पान्याची गोष्ट सांगितली.

मथुराबाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "मला सांगून काय व्हायचंय? त्या बाईचा हात वाकडा हाय, माझा न्हाई."

मग सर्जेराव शनिवार पेठेत गेले. एकदा नव्हे, तीनदा. छापखान्याच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे आणि वर तिसऱ्या मजल्यावर पद्मजाताई एकट्या राहतात. पहिल्यांदा ते चहा पिऊन, गाडीचं काम छान चाललंय असं सांगून आले. दुसऱ्यांदा पाणीपुरवठ्यावर तासभर बोलले. डबी दोन्ही वेळेला खिशात होती. उतरताना जिन्यात स्वतःला शिव्या देत आले.

तिसऱ्यांदा ताईंनीच दार उघडताना विचारलं, "ये सर्जा. आज काय, मेट्रो की कचरा?"

सर्जेराव बसले नाहीत. "ताई, त्या दिवशी तुम्ही चाक फिरवलं होतं," ते म्हणाले.

"कुठल्या दिवशी?" असं ताईंनी विचारलं, पण चेहऱ्यावरून कळत होतं, की दिवस कुठला ते त्यांना कळलंय. सर्जेरावांनी डबी उघडून टीपॉयवर रिकामी केली आणि सगळं सांगितलं. पाट, कुंकू, उस्तादांची विजेरी, 'खूण केलीय', सगळं. त्यांनी कुठं सावरून घेतलं नाही. सावरून घ्यायला काही उरलंही नव्हतं.

ताईंनी चष्मा लावला. वाकड्या हातानं नट धरला, उजव्या हाताचं बोट ठिपक्यावरून फिरवलं.

"किती राहिला होता?"

"दोन आटे. फार तर अडीच."

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. ताईंनी नट पुन्हा टीपॉयवर ठेवला.

"पहिली दहा वर्षं मला ठाऊक होतं की मी फिरवलं होतं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना सांगायचे. डोळे मिटून हात फिरवून बघायचे, असा, आणि म्हणायचे, नाही, फिरवलंच होतं. मग सांगायचं बंद केलं. आणि मग कधी ते कळलं नाही, पण मला लोकांचंच खरं वाटायला लागलं. अण्णा जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, अण्णा, लोक म्हणत होते तेच बरोबर होतं, मी घाबरले होते. ते म्हणाले, असू दे. त्यांनी माझा हा हात धरला आणि म्हणाले, असू दे."

सर्जेरावांना वाटलं होतं, सांगितलं की मन हलकं होईल. हलकं कसलं होतंय? आजवर त्यांच्या नावावर एक मोडका हात होता. आता त्यात एक मेलेला बापही आला.

"ताई, मी..."

"कुणाकुणाला सांगितलंत?" ताईंनी विचारलं. सांगितलंत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सर्जाला 'तुम्ही' म्हटलं होतं, आणि शनिवार पेठेत त्याचा अर्थ मान देणं असाच होतो असं नाही.

"बायकोला. आणि तुम्हाला."

"मला कशाला? मी होते की तिथं. चाक माझ्याच हातात होतं. गाडी ठीक होती असं ज्यांना सांगितलंत त्यांना सांगा."

"उस्ताद गेले. अण्णा गेले. गेनबाही गेला."

"मग जे उरलेत त्यांना."

त्या उठून आत गेल्या आणि कपाटातून प्लास्टिकच्या पाकिटातलं एक कार्ड घेऊन आल्या. गाडी चालवायचा परवाना. मुदत अजून तीन वर्षं बाकी होती. "मुदत संपली की जाऊन नवा करून आणते," त्या म्हणाल्या. "अपघातानंतर एकदाही गाडी चालवली नाही. तरी आणते. कशासाठी ते मला विचारू नका, मलाही ठाऊक नाही. तुमचा तो सत्कार कधी आहे?"

"जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी."

"येते. आणि त्या मुलाला सांगा, एक फेरी मी मारणार आहे." टीपॉयवरचा नट त्यांनी मुठीत घेतला. "हे राहील इथं. तुम्ही नवा घाला."

विश्वजीतनं पुढं फोटोंशी ताडून बघताना विचारलंच, "काका, स्टेअरिंगचा ओरिजिनल नट कुठाय?"

"ज्याचा होता त्याला परत दिला," सर्जेराव म्हणाले. विश्वजीतला वाटलं, काका विनोद करतायत.

*

हवाई पट्टी तीच. डांबर उखडलं होतं तिथं नवं घातलेलं, बांध तोच. जुन्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येकीपुढं माहितीचा फलक. नाकतोडा त्यांत नव्या नवरीसारखा चमकत होता. मंडप होता, आणि मंडप म्हटल्यावर शाल-श्रीफळ आलंच. पुण्याचा माणूस अंतराळात गेला तरी तिथं पहिल्यांदा सत्कार समिती नेमेल. क्लबातले जुने लोकही आले होते, काठ्या टेकत, एकमेकांच्या कानात मोठ्यानं बोलत.

निवेदक जोरात होता. नाकतोड्याचा इतिहास सांगताना तो म्हणाला, "आणि मग तो दुर्दैवी क्षण! वेग प्रचंड, वळण अवघड, आणि आपल्या पद्मजाताई क्षणभर गोंधळल्या..." पहिल्या रांगेत ताई बसल्या होत्या. मांडीवर वाकडा हात, चेहरा सरळ. सर्जेरावांना शाल पांघरली गेली, नारळ हातात आला. "सर्जेराव, दोन शब्द."

माइक धरायला हात मोकळा नव्हता. त्यांनी नारळ खाली ठेवला, शाल काढून त्यावर ठेवली.

"ताई गोंधळल्या नव्हत्या," ते म्हणाले. "त्यांनी चाक फिरवलं होतं. स्टेअरिंगचा नट मी आवळला नव्हता. न आवळता खूण केली, आणि उस्तादांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो. गाडी ठीक नव्हती. ताई ठीक होत्या. एवढंच सांगायचंय."

 सर्जेराव वाट बघत होते. कुणीतरी शिवी द्यावी, कुणीतरी येऊन शाल ओढून घ्यावी, असं काहीतरी. पण मागून एक टाळी आली, मग दुसरी, आणि मग सगळा मंडप टाळ्या वाजवू लागला. निवेदक माइक घेऊन गहिवरला, "केवढा हा प्रामाणिकपणा! आजच्या काळात असा माणूस..." क्लबातल्या एका म्हाताऱ्यानं पाठ थोपटली. विश्वजीतचे डोळे भरले होते. पद्मजाताईंकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. सर्जेरावांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आजवर चुकीबद्दल शिक्षा मिळाली नाही. आज तर वर बक्षीस मिळत होतं.

"झालं असेल कौतुक," ताईंचा आवाज आला, "तर गाडी द्या."

त्यांनी साडीऐवजी पायजमा-कुडता घातला होता. आत उतरायला त्यांना दोघांनी धरावं लागलं. बसल्यावर त्यांनी हात बाहेर काढला. "चौदाचा पाना."

सर्जेरावांनी खिशातून काढून दिला. दिला, पण ताईंनी परत त्यांच्याच हातात ठेवला. "आवळा. माझ्यासमोर."

पकड वरून दिसेल अशी बारीक झडप सर्जेरावांनी ठेवली होती. ते वाकले. नट घट्ट होता. घरून निघताना त्यांनी तो किती वेळा बघितला होता देव जाणे. तरी पाना लावला, जोर दिला. वायसर दाबून सपाट होता. ताईंनी पाना मागून घेतला आणि स्वतः, उजव्या हातानं, पुन्हा लावून बघितला. माणसाच्या जबानीवर त्यांनी पाना लावला, आणि त्यांना तो लावायचा पूर्ण हक्क होता.

"हं," पाना परत देत त्या म्हणाल्या. "आता करा खूण."

पिवळ्या रंगाची डबी सर्जेरावांनी आणली होती. ब्रश बुडवला, पण ठिपका नटावर अर्धा आणि पकडीवर अर्धा उतरला. ताईंनी तो बघितला आणि गाडी सुरू केली.

पहिल्यांदा हळू. मग आवाज चढला. बघणाऱ्यांना वाटलं त्यापेक्षा जास्त चढला, विश्वजीत "मॅम, स्लो, स्लो!" करत पट्टीच्या कडेनं धावू लागला. नाकतोडा सरळ पट्टी कापत त्या टोकाच्या वळणाशी गेला. सर्जेरावांनी पाना घट्ट धरला होता. डोळे मिटायचे नाहीत, असं त्यांनी ठरवलं होतं.

ताईंनी चाक फिरवलं. वाकडं कोपर बाहेर आलेलं इथूनही दिसलं. गाडी वळली. अगदी सहज, कडेच्या पांढऱ्या पट्ट्याला धरून, बांधाला पाठ देऊन वळली आणि परत फिरली. मंडपातले लोक उभे राहून ओरडत होते.

सर्जेराव ओरडले नाहीत, त्यांनी टाळीही वाजवली नाही. ते वळणाकडे बघत उभे राहिले. अडीच आटे आवळले असते, तर गाडी त्या दिवशीही अशीच वळली असती.